त्यांनी फोन पालथा का ठेवला?

पत्र (थोडक्यात, ओळख पटेल असं सगळं काढून):

«माझं वय ४४. नवऱ्याला पक्षाघाताचा झटका येऊन चौदा महिने झाले. मेंदूच्या डाव्या बाजूला गुठळी अडकली होती. उजवा पाय बऱ्यापैकी परत आला, काठी घेऊन घरात फिरतात. हात अजून लोंबतोच. बोलणं मात्र चार-पाच शब्दांच्या पुढे सरकत नाही. सहा महिने झाल्यावर ‘आता जे यायचं ते आलं’ असं सांगून स्पीच थेरपी थांबवली गेली. मी आधीपासून थोडंफार लिहिते. न राहवून या सगळ्यावर एक लेख लिहिला. तो खूप फिरला. अनोळखी बायकांचे निरोप आले, ‘आमच्याच घरचं लिहिलंत.’ वाटलं, ज्यांना आवाज नाही त्यांचा आवाज व्हायचं काम आपल्याकडे आलंय. पण हे आंघोळीच्या वेळी रडतात, तेही त्या लेखात होतं. दीर म्हणाले, ‘वहिनी, दादाची अब्रू चव्हाट्यावर मांडलीत.’ मी लेख ह्यांना फोनवर दाखवला. त्यांनी थोडा वेळ पाहिलं आणि फोन पालथा ठेवला. त्या दिवसापासून मी एक ओळ लिहिलेली नाही. आता एका मासिकाने २९ ऑक्टोबरच्या जागतिक पक्षाघात दिनासाठी लेख मागितलाय. त्यांना ‘जिद्दीने मात केल्याची’ गोष्ट हवी आहे. लिहू? की ह्यांच्यासाठी गप्प बसू?»

ताई,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा एकाच वाक्यापाशी अडले. ‘फोन पालथा ठेवला.’ तुम्ही त्याचा अर्थ ‘नको’ असा घेतलात आणि लिहिणं थांबवलंत. दिरांच्या बोलण्याने त्यावर शिक्का बसला. पण ज्यांनी फोन पालथा ठेवला त्यांना कुणी विचारलं का?

ते दुखावले असतील, हे अगदी शक्य आहे. पण असंही असेल की त्यांना तो लेख वाचताच आला नाही. वाचाघात म्हणजे नुसतं बोलणं जाणं नव्हे. वाचणं, लिहिणं, ऐकलेलं समजणं, या सगळ्यालाच कमी-जास्त धक्का बसतो. तुमच्या ह्यांचं बोलणं इतकं अडलेलं असताना फोनच्या पडद्यावरचा बारीक अक्षरातला, दाट परिच्छेदांचा लेख म्हणजे मुंग्यांची रांग दिसली असेल. शिवाय मेंदूच्या डाव्या बाजूच्या झटक्यात कधी कधी उजवीकडचं दिसणं जातं. डोळे ठणठणीत असतात, पण ओळीचा उजवा शेवट गायब असतो. माणूस वाचायला लागतो, अर्ध्यावर ओळ तुटते, पुढचा शब्द सापडत नाही. किंवा ते नुसते थकले असतील. पक्षाघातानंतरचा थकवा झोप काढून जात नाही, आणि तो बाहेरून दिसतही नाही. आणखी एक शक्यता मला सर्वांत जास्त टोचते: त्यांना त्या लेखावर काहीतरी म्हणायचं होतं, ते म्हणता येईना, म्हणून त्यांनी फोन बाजूला केला.

यातलं खरं कोणतं, ते मला इथे बसून कळणार नाही, आणि ताई, तुम्हालाही अजून कळलेलं नाही. ‘लिहू की गप्प बसू’ हा प्रश्न मला म्हणूनच दुसऱ्या नंबरचा वाटतो.

आधी तुमच्या त्या वाक्याबद्दल बोलते, ‘ज्यांना आवाज नाही त्यांचा आवाज’. ते मनापासून आलंय, मला कळतं. पण ते मला खटकलं. १८६१ साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका नावाच्या शल्यविशारदाने एका रुग्णाचा मेंदू त्याच्या मृत्यूनंतर तपासला आणि बोलण्याशी जोडलेला डाव्या कपाळामागचा भाग जगापुढे मांडला. तो रुग्ण वर्षानुवर्षं रुग्णालयात होता आणि त्याच्या तोंडून एकच अक्षर निघायचं, ‘टॅन’. सगळे त्याला टॅनच म्हणायचे. त्याचं खरं नाव लेबोर्न होतं, पण पुस्तकांत तो टॅन म्हणूनच शिरला. आता हे बघा: त्याला विचारलेलं बरंच समजत होतं. तो बोटांवर आकडे दाखवून उत्तरं द्यायचा. खुणा समोरच्याला कळल्या नाहीत की चिडायचा. म्हणजे सांगायचं होतंच त्याला, फक्त घेणारा कमी पडत होता. तुमच्या ह्यांना आवाज आहे. चार-पाच शब्द आहेत, चेहरा आहे, डावा हात आहे, फोन पालथा ठेवणं आहे. वाचाघातात भाषा जखमी होते. माणसाची अक्कल, आवडनिवड, लाज, अभिमान, हे सगळं आत शाबूत असू शकतं. तुम्ही त्यांचा आवाज झालात, तर त्यांचा स्वतःचा आवाज ऐकायची गरजच कुणाला उरणार नाही.

माझ्या बाबांना झटका आला तेव्हा त्यांच्याकडे एकच शब्द उरला होता, ‘उद्या’. पाणी हवं असलं तरी उद्या, खांदा दुखला तरी उद्या, मला पाहून आनंद झाला तरी उद्याच. आई पहिले काही दिवस खरंच विचारात पडायची, उद्या काय आहे? मग हळूहळू आमच्या कानांना सवय झाली. शब्द तोच असला तरी सूर वेगळा होता. रागाचा ‘उद्या’ तुटक यायचा, विनवणीचा लांबायचा, आणि गंमत वाटली की ‘उद्‌-द्या’ असा फुटायचा. वाचाघातात असं काही वेळा होतं, एखादाच शब्द चिकटून बसतो आणि सूर मात्र जागेवर असतो. ते वाचायला शिकण्यात आमचे दोन महिने गेले, आणि त्या दोन महिन्यांत आम्ही त्यांच्या वतीने किती चुकीचे निर्णय घेतले याची मोजदाद नाही.

मग त्यांना विचारायचं कसं? इथे मी सावकाश जाते, कारण तुमच्यासारख्या पुष्कळ जणी, आणि जणही, इथेच अडतात.

विश्रांती झाल्यानंतरची वेळ निवडा. टीव्ही बंद करा, घरातल्या इतरांना बाजूला जायला सांगा. लेख फोनवर देऊ नका. एका कागदावर ठळक, मोठ्या अक्षरात एकच वाक्य लिहा, ‘मी तुमच्या आजारपणाबद्दल लिहू का?’ ते वाचून दाखवा आणि शब्दावर बोट ठेवा. सोबत तीन कार्डं ठेवा: हो, नाही, नंतर. तिसरं कार्ड विसरू नका. ज्याला फक्त हो आणि नाही दिलंय, त्याला विचार करायला जागाच राहत नाही. आणि थांबा. मनात दहापर्यंत मोजा, मग पुन्हा दहापर्यंत. आपण बोलती माणसं शांतता फार लवकर भरून टाकतो, आणि त्यांचा शब्द ओठांपर्यंत आलेला असताना तो आपणच बुजवतो.

वाचाघातात ‘हो’ म्हणायचं असताना ‘नाही’ बाहेर पडतं आणि उलटही होतं. म्हणून एकच गोष्ट दोन बाजूंनी विचारा. ‘हे लिहू?’ याला हो आलं, तर थोड्या वेळाने ‘हे लिहायचं नाही, बरोबर?’ असं विचारा. त्याला ‘नाही’ आलं तर उत्तरं जुळली, नाही जुळली तर तो दिवस सोडून द्या. एकदम सगळ्या लेखाची परवानगी मागू नका, तुकड्यातुकड्याने विचारा. नाव घालू? फोटो? हॉस्पिटलातलं लिहू? आंघोळीचं? प्रत्येकाचं उत्तर वेगळं येऊ शकतं. आठवड्याने तेच प्रश्न पुन्हा विचारा, कारण माणसाचं मत बदलतं आणि बदललेलं मत सांगायला त्यांच्याकडे आपल्यासारखी सोय नाही. एखाद्या चांगल्या स्पीच थेरपिस्टसमोर ही बैठक झाली तर फारच उत्तम. चित्रं, खुणा, लिहिलेले शब्द यांच्या आधाराने संवाद कसा करायचा, हे त्यांच्या कामातच येतं.

मी बाबांवर पहिला लेख लिहिला तेव्हा यातलं काहीच केलं नव्हतं. छापून आल्यावर वाचून दाखवला. त्यांनी माझ्या हातातून पेन घेतलं, डाव्या हातात धरलं आणि एका शब्दावर आडवी रेघ मारली. रेघ वाकडीतिकडी होती, पण शब्द नेमका होता. ‘बिचारे’. मी लेखात ‘बिचारे बाबा खिडकीशी बसून असतात’ असं लिहिलं होतं. खिडकीचं त्यांना काही वाटलं नाही, बिचारे हे त्यांना नको होतं. त्यानंतर बाबांविषयीचं माझं लिखाण त्यांनी पाहिल्याशिवाय घराबाहेर गेलं नाही.

आता दिरांकडे येते. त्यांचं म्हणणं झटकून टाकू नका. आंघोळ करतानाचं रडणं ही तुमच्या नवऱ्याची गोष्ट आहे, आणि ती त्यांना न विचारता बाहेर गेली. तेवढ्यापुरते दीर बरोबर आहेत. पण ‘अब्रू’ हा शब्द मला मान्य नाही. पक्षाघात होणं, रडू येणं, दुसऱ्याच्या हातून आंघोळ घ्यावी लागणं, यात अब्रू जाण्यासारखं काहीच नाही. हे सगळं झाकायचं असतं असं मानल्यामुळेच तर इतकी घरं एकटी पडली आणि त्या बायकांना तुमचा लेख वाचून रडू आलं. दिरांना एवढंच सांगा की, ‘आता दादाला विचारून लिहीन.’ आणि शक्य असेल तर विचारायच्या एखाद्या बैठकीला त्यांनाही बसवा. भावाची उत्तरं कार्डांवरून येताना पाहिली तर ते तुमच्याशी वेगळं बोलतील, असं मला वाटतं.

पण त्या रडण्याबद्दल मला तुम्हाला एक वेगळाच प्रश्न विचारायचा आहे. ते लेखात गेलं, हजारो लोकांनी वाचलं. डॉक्टरांपर्यंत गेलं का?

पक्षाघातानंतर रडू येण्याची दोन अगदी निरनिराळी कारणं असू शकतात. एक म्हणजे नैराश्य. झटक्यातून वाचलेल्यांपैकी साधारण तिघांतल्या एकाला ते कधी ना कधी गाठतं, आणि त्यावर उपचार आहेत. दुसरं म्हणजे भावनांवरचा मेंदूचा ब्रेक सैल होणं. अशा वेळी माणूस क्षुल्लक कारणाने, कधी विनाकारण रडतो किंवा हसतो, आणि थोड्या वेळात आपोआप थांबतो. आत तेवढं दुःख असेलच असं नाही. त्यावरही औषधं आहेत. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. तुम्ही ते दुःखाचं रडणं मानलंत आणि फार हळवं लिहिलंत, पण ते नेमकं काय आहे हे अजून कुणी तपासलेलं नाही, असं तुमच्या पत्रावरून दिसतं.

म्हणून माझा आग्रह आहे: तुमचं पुढचं लिखाण मासिकाला जाऊ नये, डॉक्टरांना जावं. एक पान, त्याहून मोठं नको. झटक्याची तारीख, कोणती बाजू, थेरपी कधी थांबली. त्यानंतर काय बदललं: कोणता नवा शब्द आला, कोणता गेला, रडणं आठवड्यातून किती वेळा, किती मिनिटं, त्याआधी काय घडलं होतं. पंधरा दिवस वहीत नोंद ठेवलीत की हे सहज निघेल. आणि शेवटी स्पष्ट विनंती, एक किंवा फार तर दोन. ‘स्पीच थेरपिस्टकडून नव्याने तपासणी व्हावी. रडण्याचं कारण शोधलं जावं.’ बाकी तक्रारी या पानावर नकोत. चार मागण्या केल्या की सर्वांत सोपी तेवढी मान्य होते आणि विषय संपतो.

‘जे यायचं ते आलं’ हे वाक्य आयुष्यभराचा निकाल म्हणून स्वीकारू नका. सुधारणेचा वेग पहिल्या तीन महिन्यांत सर्वांत जास्त असतो, हे खरं. पुढे तो मंदावतो. पण मंदावणं वेगळं आणि थांबणं वेगळं. २०१७ साली जर्मनीतल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. त्यात झटक्याला निदान सहा महिने उलटून गेलेल्या वाचाघाताच्या रुग्णांना तीन आठवडे, आठवड्याला दहा तास किंवा जास्त, अशी नेटाने थेरपी दिली, आणि त्यांच्या रोजच्या संवादात फरक पडला. जिल बोल्ट टेलर या मेंदूशास्त्रज्ञ बाईंना १९९६ मध्ये मेंदूत रक्तस्राव झाला, आणि पूर्ण सावरायला आठ वर्षं लागली असं त्या स्वतः सांगतात. तुमच्या घरी तसंच होईल असं मी म्हणत नाही, प्रत्येकाची जखम निराळी. पण चौदाव्या महिन्यात नव्याने तपासणी मागणं हा वेडा हट्ट नाही, आणि डॉक्टरांच्या त्या पानावर ही गोष्ट एका ओळीत लिहायला हरकत नाही.

कुणाची बाजू मांडायची म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर गाजलेला लेख येतो, भाषण येतं. माझ्या अनुभवात सर्वांत जास्त काम लहानशा लिखाणाने केलं. बाबा वॉर्डात असताना त्यांना उठवायला येणारा प्रत्येक जण लुळा हात धरून ओढायचा. लकवा झालेल्या खांद्याचे स्नायू सैल असतात, हात ओढला की सांधा निसटतो, दुखणं मागे लागतं. बाबा ‘उद्या, उद्या’ असं ओरडायचे आणि लोक हसून ‘हो हो, उद्या’ म्हणायचे. मी तोंडी सांगून थकले. माणसं पाळीपाळीने बदलत होती. शेवटी एका कोऱ्या कागदावर मार्करने लिहिलं आणि पलंगाच्या डोक्याशी चिकटवलं:

«मला कळतं. बोलायला वेळ लागतो, थांबा.
उजवा हात ओढू नका. पाठीला आधार देऊन उठवा.
ताठ बसवल्याशिवाय पाणी देऊ नका.
‘उद्या’ म्हणजे उद्या नव्हे. माझ्या चेहऱ्याकडे बघा.»

त्यानंतर हात ओढला गेला नाही. पुढे मी कितीतरी लिहिलं, पण इतक्या झटपट कामाला आलेलं माझं दुसरं लिखाण मला आठवत नाही. पाण्याची ओळ स्पीच थेरपिस्टने सुचवली होती. झटक्यानंतर गिळणं बिघडलं असेल तर घोट फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो, आणि गिळण्याची तपासणी नेमके तेच लोक करतात. असा कागद ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे त्या प्रत्येकाने आजच लिहावा. तो लिहितानाही रुग्णाला विचारा, आपल्याला सुचणार नाही ते त्यांना सुचतं.

मग मोठी पत्रं. ज्या रुग्णालयातून तुम्ही घरी आलात, तिथे डिस्चार्जच्या कागदावर स्पीच थेरपीचा, मनःस्थितीच्या तपासणीचा, घरच्या माणसाला उचलण्या-बसवण्याचं प्रशिक्षण देण्याचा उल्लेख होता का? नसेल, तर कुणावर आरोप न करता प्रमुखांना लिहा: आम्हाला या गोष्टी माहीत नव्हत्या, त्यामुळे हे-हे झालं, तुमच्या कागदात एवढ्या ओळी वाढवाव्यात, आणि ओळींचा मसुदा सोबत जोडा. छापायला तयार मजकूर हातात असला की नाही म्हणणं अवघड जातं. तारीख घाला, पोच घ्या, महिन्याने आठवण करा.

कागदावरच्या जागेने काय होतं म्हणाल, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाचं उदाहरण आहे. त्याच्या दहाव्या आवृत्तीत पक्षाघात रक्ताभिसरणाच्या विकारांत मोजला जायचा. घाव मेंदूला, नोंद मात्र हृदयाच्या शेजारी. मेंदूच्या डॉक्टरांनी हे बदलावं म्हणून लेखी पाठपुरावा केला, आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या अकराव्या आवृत्तीत तो मज्जासंस्थेच्या विकारांत आला. आजार कुठल्या रकान्यात मोजला जातो, यावर त्याच्याकडे लक्ष किती आणि पैसा किती, हेही अवलंबून असतं.

आता मासिकाचं. ‘जिद्दीने मात’ लिहू नका, ताई. अशी गोष्ट लिहायला तुम्हाला खोटं बोलावं लागेल, कारण हात अजून लोंबतोय. आणि ती वाचणाऱ्या ज्या घरात पाच वर्षं झाली तरी पाय उचलत नाही, तिथला माणूस काय समजेल? आपली जिद्द कमी पडली. मेंदूचा कुठला आणि किती भाग गेला, उपचार किती वेळात मिळाले, थेरपी मिळाली की नाही, यावर बरंच काही ठरतं. मनाची ताकद मदत करते, पण मेलेली पेशी ती जिवंत करत नाही. संपादकांना सरळ लिहा की मात केल्याची गोष्ट माझ्याकडे नाही, चौदाव्या महिन्याची गोष्ट आहे, चालेल का? चांगले संपादक हो म्हणतात. नाही म्हणाले तर तो लेख तुमचा नव्हताच.

लिहिलात, तर भाषेला फार जपा. आपण ‘अंगावरून वारं गेलं’ म्हणतो. मराठीतला हा शब्दप्रयोग मला ऐकायला आवडतो, पण तो घातक आहे. वारं येतं आणि जातं, त्यावर कुणाचा इलाज नसतो. पक्षाघात तसा नाही. बहुतेक झटक्यांत मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बंद होते, उरलेल्यांत ती फुटते. मोठी वाहिनी बंद पडली आणि उपचार झाले नाहीत तर दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात, असा अंदाज २००६ साली मांडला गेला. गुठळी विरघळवणारं औषध सामान्यतः पहिल्या साडेचार तासांत देतात. मोठ्या वाहिनीतली गुठळी नळी घालून काढणं निवडक रुग्णांत २४ तासांपर्यंत शक्य होतं. घड्याळ लक्षणं दिसली तेव्हापासून नाही, तर माणूस शेवटचा बरा कधी दिसला होता तेव्हापासून धरतात. चेहरा एका बाजूला ओघळला, हात वर राहत नाही, बोलणं अडखळलं, की ती वेळ लिहून ठेवायची आणि स्कॅनची सोय असलेलं रुग्णालय गाठायचं. घरी ॲस्पिरिन द्यायची नाही, कारण वाहिनी फुटली आहे की बंद झाली आहे हे स्कॅनशिवाय कळत नाही. बोटांना सुया टोचून रक्त काढायचा निरोप फिरत असतो, त्याने फक्त मिनिटं जातात. हे चार ओळींत तुमच्या लेखात आलं, तर वाचणाऱ्याच्या घरी कधी वेळ आलीच, तेव्हा उपयोगी पडेल. आणि ‘अगदी लहान मूल झालेत’ हे वाक्य कुठेही येऊ देऊ नका. ५० वर्षांचा माणूस आधार घेऊन चालायला शिकतो, म्हणून तो मूल होत नाही.

तुमचं स्वतःचं काय? ते तुम्ही पत्रात कुठेच लिहिलेलं नाही, आणि माझ्या लक्षात आलंय. तुमची झोप, तुमची पाठ, कधी येणारा राग आणि त्यानंतरची टोचणी, हे सगळं तुमचं आहे आणि ते लिहायला तुम्हाला कुणाची परवानगी लागत नाही. त्यासाठी एक वही वेगळी ठेवा, कुणालाही न दाखवण्याची. तिच्यातलं बाहेर काय जाऊ द्यायचं ते दुसऱ्या दिवशी ठरवा, त्याच रात्री नाही. सांभाळणाऱ्यांनाही नैराश्य येतं. वहीत आठवडाभर तेच काळं पान उमटत राहिलं, तर ते घेऊन डॉक्टरांकडे जा, तुमच्यासाठी.

शेवटी एक नाव देते. टोमास ट्रान्सट्रोमर, स्वीडिश कवी. १९९० साली झटका आला, उजवी बाजू गेली, बोलणं जवळपास गेलं. त्यानंतरही त्यांचे संग्रह आले, आधीपेक्षा छोट्या, तीन-तीन ओळींच्या कविता घेऊन. ते डाव्या हाताने पियानो वाजवत राहिले. २०११ मध्ये नोबेल मिळालं तेव्हा पत्रकारांना त्यांचं म्हणणं त्यांची पत्नी मोनिका समजावून सांगायची. ती वर्षानुवर्षं शेजारी बसून ते समजून घ्यायला शिकली होती. तुमच्या ह्यांनी कविता लिहावी म्हणून हे सांगत नाही. लेखाखाली दोन नावं असू शकतात, म्हणून सांगते. तुमची वाक्यं, त्यांचे चार शब्द, डाव्या हाताने काढलेलं एखादं चित्र, किंवा त्यांनी मारलेल्या रेघा.

या आठवड्यात मासिकाला उत्तर द्यायची घाई करू नका. तुमचा तो जुना लेख मोठ्या अक्षरात कागदावर छापून घ्या, एका पानावर पाच-सहा ओळी. रोज एकच पान वाचून दाखवा. त्यांच्या डाव्या हातात जाड पेन द्या आणि कागद थोडा त्यांच्या डावीकडे धरा. ते काय खोडतात आणि काय तसंच ठेवतात, ते मला जरूर कळवा.